ओआरएसमधली साखर ताकदीसाठी नसते हो!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात काय प्यावं यावर अर्ध्या पानाचा लेख होता. लेख छान होता, कोकम सरबताचा फोटो बघून तर तोंडाला पाणी सुटलं, पण खाली कोपऱ्यात जी चौकट दिली होती ती वाचून राहवेना म्हणून हे पत्र. त्यात म्हटलं होतं की उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस द्या, ते नसेल तर कुठलंही गोड पेय चालेल, आणि ओआरएसमधल्या ग्लुकोजने पेशंटला ताकद येते. ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि दुसरं चुकीचं आहे म्हणूनच पहिलं लोकांना पटतं.

मी मेडिकलवाला आहे, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ दुकान आहे. एप्रिल ते जुलै रोज कोणीतरी काउंटरवर येऊन म्हणतं, पोराला जुलाब लागलेत, जरा ते ताकदीचं पाणी द्या ना. पाकीट पुढे केलं की म्हणणार हे नको, ते फ्रीजमधलं द्या ऑरेंज फ्लेवरचं, हे पोरगं पीत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या फ्रीजमधल्या डब्यावर आम्हाला मार्जिन पण बरं सुटतं, त्यामुळे बहुतेक दुकानदार गप्प बसून तेच देतात. आता छापील पेपरात पण तेच आलं म्हटल्यावर आमच्यासारख्याने समजावून सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

तर आधी ताकदीचं बघू. डब्ल्यूएचओच्या सध्याच्या फॉर्म्युल्यात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. एका ग्रॅमला साधारण ४ कॅलरी धरा, म्हणजे अख्खा लिटर प्यायल्यावर मिळतात ५४ कॅलरी. एका पोळीत याच्यापेक्षा जास्त असतात. दिवसभरात कसाबसा लिटरभर पिणाऱ्या पोराला याने कसली डोंबलाची ताकद येणार! मग ती साखर तिथे आहे कशाला? ती आहे मिठाला आत न्यायला. आणि मीठ आहे पाण्याला आत न्यायला. एवढं कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं, पण हे कोणी सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. प्रत्येक पेशीभोवती जे पटल असतं ते मुख्यतः स्निग्ध पदार्थाचं, आणि त्यातून काय जातं काय नाही याचे नियम फार कडक आहेत. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड असले छोटे रेणू कोणाला न विचारता इकडून तिकडे जातात. पण मिठातल्या सोडियमच्या आयनावर विद्युतभार असतो, त्याला त्या स्निग्ध थरातून जाताच येत नाही, कितीही छोटा असला तरी. ग्लुकोजवर भार नसतो पण तो आकाराने मोठा आणि पाण्यातच रमणारा, तोही अडतो. या दोघांना आत जायचं असेल तर पटलात बसवलेली खास प्रथिनं लागतात.

त्यातलं एक म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करताना हे एन्झाइम शोधलं, आणि नोबेल मिळालं थेट १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी! हा पंप दर फेरीला ३ सोडियम पेशीच्या बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. हे रात्रंदिवस चालू असतं, त्यामुळे पेशीच्या बाहेर सोडियम १४० च्या आसपास आणि आत १०-१५, असा फरक कायम ठेवलेला असतो (एकक मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे कणांची मोजणी, पण ते सोडा). आपल्या घरी मोटार लावून गच्चीवरची टाकी भरून ठेवतो ना, वीज टाकी भरायला लागते, नंतर खाली कुठलाही नळ सोडला की पाणी आपलं आपण येतं, तसं आहे हे. पंपाने खर्च आधीच करून ठेवलाय. आता बाहेर जमलेलं सोडियम आत शिरायला टपलेलं असतं, आणि त्याच्या या ओढीवर पेशी दुसरी कामं करून घेते.

त्यातलं एक काम म्हणजे ग्लुकोज ओढून घेणं. आतड्याच्या पोकळीकडे तोंड करून एक प्रथिन बसलेलं असतं, त्याचं नाव एसजीएलटी-१. याची गंमत बघा, याला आधी दोन सोडियम येऊन चिकटतात, मग एक ग्लुकोज चिकटतं, तिघं जागेवर आले की मगच ते प्रथिन आपला आकार बदलून आतल्या बाजूला उघडतं आणि तिघांना पेशीत सोडतं. नुसतं सोडियम आलं, ग्लुकोज नाही, तर काम अडलं. नुसतं ग्लुकोज आलं, सोडियम नाही, तरी अडलं. आत गेलेलं सोडियम मग तो पंप मागच्या बाजूने रक्ताकडे ढकलतो, ग्लुकोज तिकडच्याच दुसऱ्या एका प्रथिनातून निघून जातं, आणि दोघं पलीकडे जमा झाले की त्यांच्यामागून पाणी येतं, परासरणाने, म्हणजे पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे. पाण्याला ओढणारा वेगळा पंप शरीरात कुठेच नाही, पाणी नेहमी कोणाच्या तरी मागूनच जातं.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. त्या वेळी ही निव्वळ पुस्तकी गोष्ट वाटली असेल, आतड्यातली साखर कशी शोषली जाते एवढ्यापुरती. आणि गंमत अशी की कलकत्त्यात हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, १८६ पेशंटना मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने देऊन त्याचे निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. पण असं का होतं याचं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं, त्यामुळे जगाने फारसं मनावर घेतलं नाही.

आता या पटकीबद्दल. आपल्याकडे गावोगाव वेशीबाहेर मरीआईची देवळं आहेत ती याच रोगाच्या धाकाने. हा जंतू नेमका कसा मारतो हे बरीच वर्षं नीट कळत नव्हतं. कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की जंतू आतड्यातच राहतो आणि एक विष सोडतो, सगळा घोळ त्या विषाचा. या माणसाला त्यांच्या हयातीत आपल्या देशाने काही म्हणता काही मान दिला नाही, याचा मला फार राग येतो, पण तो विषय वेगळा. तर हे विष आतड्याच्या पेशीत जाऊन एक संदेश चालू करतं तो बंदच होत नाही, त्यामुळे पटलातले क्लोराइडचे, म्हणजे मिठातल्या दुसऱ्या भागाचे, मार्ग उघडे ते उघडेच राहतात. क्लोराइड भसाभसा आतड्याच्या पोकळीत येतं, त्याच्यामागून सोडियम, आणि त्यांच्यामागून पाणी. एरवी आपल्या आतड्यात रोज ८-९ लिटर द्रव येतो, त्यातला दोनेक लिटर आपण खाल्ल्या-प्यायलेला आणि बाकी लाळ, जठररस, पित्त वगैरे, आणि त्यातला जवळपास सगळा परत शोषला जातो. जोरदार पटकीत मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला अर्धा ते एक लिटर बाहेर जाऊ शकतं. दिवसभरात माणूस संपतो.

पण, आणि हा पण फार महत्त्वाचा, ते विष एसजीएलटी-१ ला हात लावत नाही. एका बाजूने पाणी वाहून जात असताना दुसऱ्या बाजूचा हा सोडियम-ग्लुकोजचा रस्ता शाबूत असतो. त्याला योग्य मापात दोन्ही माल पुरवत राहिलं की जेवढं जातंय तेवढं भरून काढता येतं. म्हणून पटकीत नुसतं पाणी पाजून उपयोग होत नाही, नुसतं मिठाचं पाणी पाजूनही नाही, आणि नुसतं साखरेचं पाणी पाजूनही नाही. ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये हे पेशंटवर नीट मोजून सिद्ध केलं, सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी झाली होती.

खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी लोक आपल्याकडे आले, बंगालच्या सीमेवर छावण्या पडल्या, पावसाळा, आणि पटकीची साथ. बनगावच्या हॉस्पिटलात डॉ. दिलीप महालनबीस पोचले तेव्हा दोन खोल्या पेशंटनी भरलेल्या, लोक जमिनीवर, सलाईन लावायचं तर त्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागायचं, आणि ते सलाईनही संपत आलेलं. त्यांनी ठरवलं की आता तोंडानेच द्यायचं. मोठमोठ्या ड्रममध्ये द्रावण करायचं आणि पेशंटच्या आईने, भावाने, नवऱ्याने कपाने पाजत राहायचं. माप होतं एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा, पुड्या कलकत्त्यात बांधून तिकडे जायच्या. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. बहुतेकांना पाजणारे हात घरच्यांचे होते, नर्सचे पण नाहीत. पुढे १९७८ मध्ये लॅन्सेटने या उपायाला शतकातला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. आपल्याकडचा नेहमीचा हिशोब.

आता मापाकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. आजच्या एक लिटरच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, सगळं मिळून २०.५ ग्रॅम. हे आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत. १३.५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ७५ मिलिमोल, आणि मीठ व सायट्रेट दोन्हीतलं सोडियम मिळून तेही ७५, जोडीला जोडी. कोणी हुशार पोरगं विचारेल की प्रथिनाला तर दोनास एक लागतं मग समसमान का, तर आतड्यात शरीराचं स्वतःचं सोडियमही सतत येऊन मिसळत असतं. पूर्वीचा फॉर्म्युला जास्त घट्ट होता, विरघळलेले सगळे कण मोजले तर लिटरला एकूण ३११ भरायचा, २००२ मध्ये तो २४५ वर आणला म्हणजे रक्तापेक्षा जरा पातळ केला, त्याने शौचाचं प्रमाण, उलट्या आणि सलाईनची गरज तिन्ही कमी झालं. म्हणजे बघा, जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं घासून हे माप बारीक केलंय, आणि आपण काय करतो, पाकीट फोडून चिमूटभर ग्लासात टाकतो, पोराने प्यायलं नाही की वरून दोन चमचे साखर, आणि उरलेल्या पाकिटाला रबर लावून फळीवर ठेवतो! ग्लासात किती गेलं, पाणी किती होतं, कोणाला पत्ता नाही. जास्त घट्ट झालं तर मीठ जास्त होऊन पोराच्या रक्तातलं सोडियम चढतं, तेही धोक्याचंच.

आणि गोड पेय का चालत नाही ते आता सांगतो. बाटलीतल्या गोड पेयात १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर सहज असते, म्हणजे लिटरला शंभराच्या वर, ओआरएसच्या सात-आठ पट. सोडियम जवळपास नावालाच. साध्या साखरेचा रेणू आतड्याच्या भिंतीशी फुटून त्याचं एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतं, त्यातलं फ्रुक्टोज वेगळ्याच प्रथिनातून जातं ज्याला सोडियमशी देणंघेणं नाही, म्हणजे अर्धी साखर तर या कामातून बादच. उरलेल्या ग्लुकोजला जोडीदार सोडियम कमी. मग ही न शोषलेली साखर आतड्यात पडून राहते आणि उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढून घेते. आठवीच्या विज्ञानात बेदाण्याचा प्रयोग असतो ना, फुगलेला बेदाणा घट्ट साखरेच्या पाकात टाकला की सुकतो, तोच प्रयोग आपण जुलाब झालेल्या पोरावर करतो, नारिंगी रंग टाकून. जुलाब वाढतात. मग आई पुन्हा दुकानात येते आणि म्हणते अजून एक द्या.

या पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरं असायची हे तर आणखी वाईट. २०२२ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, परवानगी देताना अट घातली होती की हा डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला नाही असं डब्यावर छापा, पण ती ओळ वाचायला भिंग लागायचं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठेक वर्षं एकट्या याच्यामागे लागल्या होत्या, शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये ती परवानगी मागे घेतली गेली, नावापुढे किंवा मागे काही जोडूनसुद्धा ही अक्षरं वापरायची नाहीत असा आदेश निघाला. बाईंना माझा दंडवत. पण आदेश दिल्लीत निघतो आणि सवय गावात असते, लोक अजूनही डब्याचा रंग दाखवून मागतात, आणि आता पेपरातच कुठलंही गोड पेय चालेल असं आलं तर नाव बदलून उपयोग काय?

आणखी एक गोष्ट जी तुमच्या चौकटीत नव्हती आणि ती नसल्यामुळे फार नुकसान होतं. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. ते त्याचं कामच नाही, क्लोराइडचे मार्ग तो बंद करत नाही, फक्त दुसरीकडून भरपाई करतो. लोक दोन ग्लास पाजतात, संडास चालूच आहे म्हणतात, म्हणजे हे काही कामाचं नाही, चला सलाईन लावू. आपल्याकडे सलाईनवर तर देवापेक्षा जास्त श्रद्धा. पोर शुद्धीत आहे, पितंय, लघवी होतेय तर पाजत राहायचं, दर शौचानंतर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत हळूहळू. पोर मलूल पडलं, डोळे खोल गेले, पीतच नाही, शौचात रक्त दिसतंय तर मात्र घरी बसायचं नाही, सरळ दवाखाना, आणि तिथे सलाईन लावतील तर ते बरोबरच आहे. पोरांना जुलाब बंद करायची गोळी आपल्या मनाने द्यायची नाही, द्यायच्या त्या झिंकच्या, सहा महिन्यांवरच्या पोराला रोज २० मिलीग्रॅम, १० ते १४ दिवस, आणि त्या जुलाब थांबल्यावरही पुऱ्या करायच्या, यावर मी दुकानात रोज भांडतो.

पाकीट नसेल तर? घरी करता येतं. एक लिटर पिण्याचं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, म्हणजे ५ मिलीचा. सपाट म्हणजे बोटाने वरचं ढकलून दिलेला, शीग लावलेला नाही. हीच जलसंजीवनी, रेडिओवर लहानपणी ऐकलेली. आणि कोकणात-गोव्यात मीठ घालून पेज देतात ना आजारी माणसाला, ती आजीबाईची समजूत म्हणून हसण्यावारी नेऊ नका, तांदळाचा स्टार्च आतड्यात फुटून हळूहळू ग्लुकोजच देतो आणि हळू दिल्यामुळे आतड्यात एकदम गोड घट्टपणा होत नाही. तांदळाच्या ओआरएसचे पटकीतले निकाल चांगले आहेत ते याच कारणाने.

जाता जाता शुगरवाल्यांसाठी. तुमच्यातले बरेच जण हल्ली नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असलेली गोळी घेता, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. या गोळ्या याच प्रथिनाच्या भावाला अडवतात, एसजीएलटी-२ ला, तो किडनीत बसून लघवीतली साखर परत ओढत असतो, त्याला अडवलं की साखर लघवीवाटे जाते आणि सोबत पाणीही जातं. म्हणून उलट्या-जुलाब लागले की ही गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांना फोन करून विचारा, तसंच रेटू नका. आणि शुगर आहे म्हणून ओआरएसच नको असंही करू नका, तेही विचारा.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच साइजमध्ये सुधारित चौकट छापा. त्यात लिहा: अख्खं पाकीट एकदमच, त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात घालायचं, मोठं असेल तर १ लिटर, छोटं असेल तर २०० मिली. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. वरून साखर, सरबत, कोल्ड्रिंक काही मिसळायचं नाही. पाकीट आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतं (हे छापल्यावर माझा धंदा बुडेल, पण छापा). आणि घरच्या मापात सपाट हा शब्द ठळक करा. जागा कमी पडत असेल तर माझं स्कोऊ आणि क्रेनचं पुराण खुशाल कापा, चौकट तेवढी कापू नका.

आपला,
एक मेडिकलवाला, बार्शी